तंजावरला फलक पुरे, मोडी वाचणारे पाठवा

तंजावरचा राजवाडा बाहेरून एक दिसतो, आत शिरले की तो अनेकांचा होतो. मराठ्यांआधीच्या नायक राजांच्या दरबार महालातले कलादालन एका व्यवस्थेकडे, सरस्वती महाल ग्रंथालय आणि त्याचे छोटे संग्रहालय दुसऱ्या संस्थेकडे, मराठा दरबार आणि आसपासच्या काही वास्तू राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आणि राजघराण्याच्या वस्तूंचे दालन आणखी वेगळे. खिडक्या वेगळ्या, तिकिटे वेगळी, कॅमेऱ्याचे पैसे वेगळे, वेळा आणि सुट्ट्यांचे दिवसही वेगळे. काही दालने दुपारी जेवणाच्या वेळेत बंद होतात. त्यामुळे अकरा-साडेअकराला पोचणारा पर्यटक हमखास अर्धा वाडा पाहून परततो. ज्याला सगळे पाहायचे आहे त्याने दारे उघडताच आत असावे, सगळ्या दालनांच्या सुट्ट्यांचे वार आधी विचारून घ्यावेत आणि निदान तीन तास हाताशी ठेवावेत.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांची तक्रार मात्र तिकिटांची नसते. व्यंकोजीराजांनी १६७६ मध्ये इथे गादी स्थापली, १८५५ मध्ये दुसऱ्या शिवाजीराजांच्या मृत्यूबरोबर राज्य संपले. पावणेदोनशेहून अधिक वर्षे भोसल्यांचा अंमल होता आणि तरी वाड्यात मराठी दिसत नाही, ही ती तक्रार. मग मागण्या ठरलेल्या: मराठी फलक लावा, पुतळा उभारा, महाराष्ट्र सरकारने निधी द्यावा, एखादे भवन बांधावे. भावना समजण्यासारखी आहे. पण या मागण्या मान्य झाल्या तरी तंजावरचा प्रश्न तसाच राहील, कारण फलकावर लिहायचे काय, हेच अजून पुरते वाचले गेलेले नाही. सरस्वती महाल ग्रंथालयात मराठा राजवटीच्या मोडी दप्तराचे, म्हणजे मोडी लिपीतल्या कारभाराच्या कागदांचे, १३०० हून अधिक गठ्ठे असल्याची नोंद आहे. त्यांतला मोठा भाग वाचणाऱ्याची वाट पाहत पडून आहे. महाराष्ट्राला तंजावरसाठी खरोखर काही करायचे असेल तर तिथे सिमेंट आणि संगमरवर नव्हे, मोडी वाचणारी माणसे पाठवावीत.

लिखित नोंद संग्रहालयासाठी काय करते, हे त्याच वाड्यात दहा मिनिटांत कळते. कलादालन १९५१ मध्ये सुरू झाले आणि चोळकालीन कांस्यमूर्तींसाठी जगभरातले अभ्यासक तिथे येतात. त्यांतली तिरुवेण्काडूची वृषभवाहन शिवाची मूर्ती पाहा. नंदी सोबत नाही, पण तो असल्यासारखा रेललेला उजवा हात आणि डोक्याला फेट्यासारखे गुंडाळलेले केस. ही मूर्ती इसवी सन १०११ ची आणि तिच्या शेजारची देवी १०१२ ची, असे आपण ठामपणे सांगू शकतो, कारण तिरुवेण्काडूच्या देवळाच्या भिंतीवर राजराज चोळाच्या राज्यवर्षासह त्या दानाचा लेख कोरलेला आहे. शैलीवरून अंदाज बांधला असता तर पन्नास वर्षे इकडे-तिकडे झाली असती. लेख वाचला गेला म्हणून ही जोडी साऱ्या चोळ कांस्यशिल्पांच्या कालगणनेची खुंटी ठरली.

वाड्यात एका देवमाशाचा सांगाडाही आहे. १९५५ मध्ये तरंगंबाडीच्या किनाऱ्याला लागलेला, सुमारे ९२ फुटांचा. त्याचा राजवाड्याशी काडीचाही संबंध नाही, पण त्याच्याबद्दल कुठे, कधी, किती लांब, सगळे ठाऊक आहे. आता तिथून मराठा दरबारात जावे. रंगवलेले खांब, कमानी, चौथरा. कोणता राजा कुठल्या प्रसंगी कुठे बसे, कुणाला कोणत्या खांबापर्यंत येण्याची मुभा होती, रंगकाम कुणी केले, त्याला काय मिळाले, पुढे दुरुस्ती कधी झाली, यांपैकी काहीही पाहणाऱ्याला समजत नाही. 'शहाजीराजांनी (व्यंकोजींच्या मुलाने) बांधला' एवढ्यावर भागवले जाते. देवमाशाची हकीकत पूर्ण आणि दरबाराची अर्धवट, हे पैशाच्या टंचाईने झालेले नाही.

वाड्याचे असे तुकडे का पडले, याचेही उत्तर कागदांतच आहे. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुरुष वारस न ठेवता वारले आणि कंपनीने राज्याबरोबर राजाची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई साहेब मद्रासच्या न्यायालयात गेल्या. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचले आणि १८५९ मध्ये निकाल लागला: हे सार्वभौम सत्तेचे कृत्य आहे, न्यायालयाला त्यात पडता येत नाही. हा निकाल पुढे भारतातल्या संस्थानी खटल्यांत वर्षानुवर्षे दाखला म्हणून दिला गेला. नंतर खासगी मिळकत घराण्याकडे परत आली. १९१८ मध्ये ग्रंथसंग्रह सार्वजनिक झाला आणि त्याला तंजावरचे राजे दुसरे सरफोजी यांचे नाव मिळाले. १९५१ मध्ये मूर्तींचे दालन झाले. वाड्याच्या इतर भागांत वेळोवेळी सरकारी कचेऱ्याही बसल्या. म्हणजे आजच्या वेगवेगळ्या तिकीट खिडक्या ही निव्वळ गैरव्यवस्था नाही. प्रत्येक खिडकीमागे एक कायदेशीर इतिहास आहे. म्हणून 'एकच तिकीट करा' ही मागणी सोपी वाटली तरी ती अमलात आणायला वेगवेगळ्या संस्थांमध्ये उत्पन्नाच्या वाटणीचा करार लागेल. तो करावा, जरूर करावा. पण एका तिकिटावर चारही दालने फिरून आलेल्या माणसाला वाड्याचा अर्थ लागेल, असे समजू नये.

संग्रहालयांत पोथ्यांचे कौतुक होते आणि दप्तराचे होत नाही, यामागे दीडशे वर्षांची सवय आहे. १८७० च्या दशकात ए. सी. बर्नेल या इंग्रज न्यायाधीशाने वाड्यातल्या संस्कृत हस्तलिखितांची सूची केली, ती १८८० मध्ये लंडनला छापली गेली. युरोपातल्या संस्कृत पंडितांना ती हवी होती. पुढे पी. पी. एस. शास्त्रींनी १९२८ ते १९३४ या काळात संस्कृत हस्तलिखितांची १९ खंडांची वर्णनात्मक सूची सिद्ध केली. ग्रंथालयात आज सुमारे ३९ हजार संस्कृत हस्तलिखिते आहेत, साडेतीन हजारांच्या आसपास तमिळ, तीन हजारांवर मराठी आणि आठशेहून अधिक तेलुगू. मराठी पोथ्यांच्याही सूची छापल्या गेल्या. दप्तराच्या वाट्याला मात्र गठ्ठे आणि क्रमांक आले. जमाखर्च, पगारपत्रके, हुकूम, अर्ज, पोचपावत्या म्हणजे वाङ्मय नव्हे, असे पंडितांनी मानले. इतिहासकारांनी लढाया आणि तह इंग्रजी पत्रव्यवहारातून घेतले, तेव्हा त्यांनाही या कागदांची फारशी गरज भासली नाही.

याचा परिणाम असा की तंजावर म्हटले की आपल्याकडे चार-पाच दागिनेच पुन्हा पुन्हा दाखवले जातात. शहाजीराजांच्या काळातले 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे मराठी नाटक, म्हणजे विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या 'सीतास्वयंवर'च्या जवळजवळ दीडशे वर्षे आधीचे. सरफोजीराजांच्या छापखान्यातून १८०६ मध्ये निघालेली इसापनीतीची मराठी आवृत्ती, 'बालबोध मुक्तावली'. त्याच राजाने रचलेली 'देवेंद्र कुरवंजी', जिचा साचा तमिळ लोकनाट्याचा, भाषा मराठी आणि विषय जगाचा भूगोल. आणि मोठ्या देवळाच्या प्राकारभिंतीवरचा १८०३ चा भोसले घराण्याचा प्रदीर्घ मराठी शिलालेख, ज्यापुढे मराठी मंडळी हमखास फोटो काढतात. हे सगळे खरे आणि मोलाचे आहे. पण त्या शिलालेखाकडे पाहताना एवढे भान असावे की तो राजाने स्वतःच्या घराण्याबद्दल कोरवून घेतलेला मजकूर आहे. इंग्रजांनी १७९९ च्या तहाने राज्यकारभार काढून घेतल्यावर चार वर्षांनी तो कोरला गेला. राज्य हातातून गेलेला राजा आपली वंशावळ दगडावर का कोरवतो, हे समजून घ्यायला त्याच वर्षांतले दप्तर हाताशी हवे.

आता सांबाराविषयी. संभाजीराजांच्या पाहुणचारात आमटीत चिंच पडली आणि सांबार जन्मले, ही कहाणी वाड्यात फिरताना कुठे ना कुठे कानावर येतेच. ती सांगायला आवडते, म्हणून सांगितली जाते. याच ग्रंथालयाने प्रसिद्ध केलेले, सरफोजीराजांच्या मुदपाकखान्यातले मराठी 'शरभेंद्र पाकशास्त्र' मात्र फारसे कुणी उघडत नाही. त्यात प्रत्यक्ष पदार्थ आहेत, कृती आहेत. हातात पुरावा असताना दंतकथेवर पोट भरण्याची ही सवय मराठी माणसाने तंजावरपुरती तरी सोडावी.

नुसते वाचल्याने संग्रहालयात काय बदलते, याचा पुरावाही तिथलाच. सरफोजीराजांचा धन्वंतरी महाल ही औषधांची आणि उपचारांची शाळा होती. तिथल्या डोळ्यांच्या रुग्णांची टिपणे शिल्लक आहेत: रुग्णाच्या डोळ्याचे रंगीत चित्र आणि सोबत उपचाराची नोंद. ती वाचली गेली तेव्हा नेत्रवैद्यांनी त्यांच्यावर लेख लिहिले आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेत डोळ्यांवर काय उपचार होत होते, याचा दस्तऐवजच हाती आला. तोवर ती 'राजाची हौस' होती. शेजारच्या कपाटात शार्ल ल ब्रूँची माणसांचे आणि पशूंचे चेहरे शेजारी शेजारी मांडणारी चित्रे आहेत, १७८४ च्या आवृत्तीचा डॉ. जॉन्सनचा कोश आहे. तीही 'अजब वस्तू' म्हणूनच पाहिली जातात. ही पुस्तके कुणामार्फत मागवली, किती रुपये पडले, कुणाला वाचायला दिली, हे दप्तरातून जुळवता आले तर अजबखाना संपतो आणि एका जिज्ञासू राजाची कार्यशाळा दिसू लागते.

आक्षेप येतो तो असा: आधी भिंती सांभाळा, छतातून पाणी गळत असताना कागद कसले वाचता? भिंतींची काळजी खरी आहे. वाडा वीट आणि चुन्याचा आहे आणि कावेरीच्या खोऱ्यात जमिनीतली ओल वर चढतेच. इथला मुख्य पाऊस आपल्यासारखा जून ते सप्टेंबर नसून ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पाऊस आहे. त्यात अधूनमधून चक्रीवादळ येते, जसे नोव्हेंबर २०१८ मध्ये 'गज' आले. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर घाईने सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, क्षार पृष्ठभागाशी साचतात, गिलाव्याचे पापुद्रे सुटतात आणि आतली वीट पिठासारखी होते. वरून रंग मारला तर दोन पावसाळ्यांत डाग पुन्हा उमटतात. योग्य काम म्हणजे भिजवून मुरवलेला चुना, चाळलेली वाळू, पातळ थर, प्रत्येक थराला सुकायला वेळ. खर्चापेक्षा त्यात दिवस जास्त जातात, आणि आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते म्हणून नेमके दिवसच मिळत नाहीत. दुरुस्त्यांचे जुने जमाखर्च वाचता आले तर कोणत्या दालनात कोणता चुना वापरला, गूळ आणि हिरड्याचा काढा घातला की नाही, शेवटचा थर कसा घोटला, याचे उत्तर प्रयोगशाळेच्या जोडीने कागदातूनही मिळू शकते. भिंत आणि कागद यांत निवड करायची नसते.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा. सगळे स्कॅन करून टाका, उरलेले यंत्र वाचेल. स्कॅन तर हवेतच, कारण एकदा चांगली प्रतिमा घेतली की मूळ कागद पुन्हा पुन्हा हाताळावा लागत नाही. पण गठ्ठ्यातला कागद क्रमाने लावलेला नसतो. कशाचा पाठमजकूर कशाला चिकटला आहे, कुठले पान वहीतले आणि कुठले सुटे, हे वाचल्याशिवाय कळत नाही. सूचीशिवाय काढलेल्या लाखो प्रतिमा म्हणजे संगणकात हलवलेले तेच गठ्ठे. यंत्राला मोडी शिकवायची तर आधी हजारो पाने माणसाने वाचून, ओळीनुसार बाळबोधीत (देवनागरीत) उतरवून द्यावी लागतात. आणि तंजावरी मोडी पुण्याच्या पेशवे दप्तरातल्या मोडीवर तयार केलेल्या नमुन्याने वाचता येईल, हा भरवसा धरू नये.

इथे थोडे तपशिलात जावे लागेल, कारण सारी अडचण याच टप्प्यावर आहे. मोडीत आधी आडवी शिरोरेघ ओढतात आणि मग अक्षरे तिला टांगत जातात. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घ पाहिले जात नाही. 'रा।' म्हणजे राजश्री, 'छ' म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख, उभ्या-आडव्या रेघांत आणे आणि पाव. हे सगळे पुण्यात शिकता येते. महाराष्ट्राचे पुराभिलेख संचालनालय अल्पमुदतीचे मोडी वर्ग घेते, भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांमध्ये वाचणारी माणसे आहेत. पण पुण्याचा मोडीवाचक तंजावरच्या गठ्ठ्यापुढे बसला की वेगळाच घोटाळा होतो. गावाचे नाव तमिळ, देवळाचे नाव तमिळ, जमीन बिघ्यात नाही तर वेलीत मोजलेली (एक वेली म्हणजे सुमारे पावणेसात एकर), नाणी चक्रम आणि पणम. 'कलम' दिसले की तो ते हुकमातला मुद्दा समजून पुढे जातो, प्रत्यक्षात ते धान्याचे बारा मरक्कालांचे माप असते आणि भाताच्या कोठाराचा सगळा हिशेब चुकतो. वर्ष कधी शकात, कधी फसली या महसुली सनात, कधी साठ संवत्सरांच्या नावाने. उलट तंजावरच्या तमिळ अभ्यासकाला वेली, कलम, गावे तोंडपाठ असतात, पण मोडी आणि मराठी क्रियापदे येत नाहीत. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने या दप्तरातल्या काही भागाचा तमिळ अनुवाद टिपांसह खंडशः प्रसिद्ध केला, ते काम मोठे आहे आणि मराठीत त्याची दखल फार थोड्यांनी घेतली. आपल्या कागदांची आपल्याला वाट विचारायची तर आज त्या तमिळ खंडांपासून सुरुवात करावी लागेल. यात कमीपणा वाटण्यासारखे काही नाही, पण शिकण्यासारखे आहे.

म्हणून कामाची एकके माणसांच्या जोड्या असाव्यात: एक मोडी वाचणारा मराठी आणि एक तंजावर जिल्ह्याची माहिती असलेला तमिळ जाणकार, एकाच टेबलावर. पद्धत अशी: रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, सोडण्याआधी बाहेरून फोटो, गाठ आणि चिठ्ठी तशीच नोंदवायची. कागद आहे त्याच क्रमाने बाहेर काढून प्रत्येकावर मऊ शिसपेन्सिलीने क्रमांक घालायचा, शाईने कधीही नाही. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडायची. काजळीची शाई प्रकाशाने उडत नाही, पण ती डिंकात घोटलेली असते. ओला बोळा लावला तर पसरते, म्हणून दुरुस्तीआधी कोपऱ्यात एका टिंबावर चाचणी घ्यावी. फाटलेल्या कडांना जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ पुरते. जुन्या काळी काही दप्तरखान्यांत पानांवर सेल्युलोज ॲसिटेटचा पापुद्रा चढवला गेला, तो आता पिवळा पडतो आणि आंबूस वास सोडतो. तो घाईने सोलू नये, ते जाणत्याचे काम आहे. ताडपत्राची रीत वेगळी: गवती चहाच्या जातीच्या गवताचे तेल हलक्या हाताने आणि कोरलेली अक्षरे उठावी म्हणून काजळी. कागदी दप्तराला तेल लावायचे नाही. रुमाल पुन्हा बांधताना आवळून बांधू नये, आणि पावसाळ्याच्या तीन महिन्यांत खोलीतली आर्द्रता पन्नास-पंचावन्न टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये, नाहीतर बुरशी आणि कसर दोन्ही मागोमाग येतात.

किती माणसे आणि किती वर्षे? हिशेबापुरते धरून चालू की एका रुमालात सरासरी ५०० कागद आहेत. १३०० रुमालांचे साडेसहा लाख कागद होतात. सरावलेल्या वाचकाने प्रत्येक कागदाचा नुसता सारांश, म्हणजे तारीख, कोण, कुणाला, विषय, रक्कम, एवढेच लिहिले तर दिवसाला ४० कागद होतील. वर्षात कामाचे २२० दिवस धरले तर एका जोडीचे ८,८०० कागद, दहा जोड्यांचे ८८ हजार, आणि सगळे दप्तर साडेसात वर्षांच्या आत सूचीबद्ध. त्याऐवजी प्रत्येक कागद अक्षरशः बाळबोधीत उतरवायचा ठरवला आणि दिवसाला आठच कागद झाले, तर त्याच दहा जोड्यांना ३७ वर्षे लागतील. हे आकडे गृहीत धरलेले आहेत, एक रुमाल सोडून मोजले की सुधारता येतील. पण त्यांतून निर्णय स्पष्ट होतो: आधी सारांशसूची, आणि पूर्ण लिप्यंतर फक्त निवडक गठ्ठ्यांचे. सरकारी प्रकल्प नेहमी उलटे करतात. एक देखणा खंड छापतात, मंत्र्यांच्या हस्ते प्रकाशित करतात आणि उरलेले १२९९ रुमाल जिथे होते तिथे.

तमिळनाडूचा हा मामला, महाराष्ट्राने नाक का खुपसावे, असे तिकडून कुणी विचारले तर त्यात वावगे नाही. वाडा तमिळनाडूचा, कागद तमिळनाडूचे, ते तिथून हलवायची भाषा कुणी बोलू नये. आणि दप्तरात काय आहे ते पाहिले तर हे फक्त भोसल्यांचे कागद नाहीत, हेही कळते. नागूरच्या दर्ग्याचा उंच मिनार तंजावरच्या प्रतापसिंहराजांनी बांधवून दिला. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी सरफोजींच्या आश्रयात नृत्याची जी मांडणी केली, तिच्यावर आजचे भरतनाट्यम उभे आहे. फ्रीडरिख श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने सरफोजींना शिकवले आणि त्याच्या मृत्यूनंतर राजाने लंडनच्या फ्लॅक्समनकडून त्याचे स्मारक घडवून घेतले. ते आजही तंजावरच्या चर्चमध्ये आहे. दर्ग्याचे, देवदासींचे, तमिळ शेतकऱ्यांचे, तेलुगू गायकांचे आणि मिशनऱ्यांचे हिशेब मराठी कारकुनांनी मोडीत लिहिले. हे सगळे तमिळ समाजाला स्वतःच्या इतिहासासाठी हवे आहे, आणि ते उघडणारी किल्ली सध्या बहुतेक महाराष्ट्रात आहे. देण्यासारखे आपल्याकडे नेमके हेच आहे. पुतळा तर कुणीही देईल.

उलट बाजूचा धोकाही सांगितला पाहिजे. मोडी वाचणारा माणूस जर फक्त शिवशाहीचे दुवे हुडकायला निघाला, तर तो हजार कागदांतून आपल्याला हवा तो एक काढेल आणि बाकीचे बाजूला सारेल. सरफोजीराजांना 'विद्वान मराठा' म्हणून मिरवणारे, त्यांनी १८१४ मध्ये नेपोलियनवरच्या इंग्रजांच्या विजयाप्रीत्यर्थ समुद्रकिनारी मनोरा बांधला, हे सांगताना अडखळतात. ते अडखळायला नको. राज्य इंग्रजांकडे आणि मान आपल्याकडे, अशा चिमटीत सापडलेला राजा काय काय करतो, ते सगळे दप्तरात असेल. मराठी वाचकाने ते न गाळता वाचावे, एवढी अट प्रशिक्षणातच घालावी.

कुठून सुरुवात करावी? छत्रांपासून, म्हणजे वाटसरूंना आसरा आणि जेवण देणाऱ्या धर्मशाळांपासून. सरफोजींनी ओरत्तनाडूला मुक्तांबाळ छत्र उभारले, ती इमारत आजही उभी आहे. १८०१ मध्ये राजाने तंजावरच्या इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून ही छत्रे कुणाला जेवू घालतात, आजाऱ्यांना कसे सांभाळतात, मुलांना काय शिकवतात, हे सविस्तर सांगितले, कारण त्यांची उत्पन्ने काढून घेतली जाण्याची भीती होती. राजाची बाजू इंग्रजीत आहे. त्याच छत्रांचे रोजचे जमाखर्च जर दप्तरात सापडले, तर पत्रातले दावे ताडून पाहता येतील: किती पाने उठली, तांदूळ किती कलम लागला, वैद्याला काय मिळत होते. वास्तू हाताशी, इंग्रजी पत्र हाताशी, हिशेबाची एकके ठरावीक आणि पुन्हा पुन्हा येणारी. नव्या वाचकाचा हात बसायला यापेक्षा चांगला गठ्ठा नाही. दोन जोड्या, एक वर्ष, फक्त छत्रांचे रुमाल, एवढे ठरवले तरी ओरत्तनाडूच्या दारावर आणि राजवाड्यातल्या एका भिंतीवर लावायला तमिळ, मराठी आणि इंग्रजीत खरी माहिती मिळू शकेल.

पैसा फार लागत नाही. महाराष्ट्रात मोडीचे प्रमाणपत्र घेतलेली तरुण माणसे बरीच आहेत. त्यांतली बहुतेक वारसाहक्काचे जुने सातबारे आणि जातीच्या दाखल्यांसाठी पुरावे वाचून देण्यात गुंतलेली असतात, कारण मोडीच्या ज्ञानाला पगार तिथेच मिळतो. त्यांच्यासाठी तंजावरात राहण्याची सोय असलेली दोन वर्षांची शिष्यवृत्ती, पहिले सहा महिने बोलीभाषेपुरते तमिळ आणि स्थानिक मापे शिकणे, आणि तमिळ जोडीदाराला तितकेच मानधन, एवढी तरतूद महाराष्ट्र शासन आणि ग्रंथालय यांच्यातल्या एका साध्या करारात होऊ शकते. करारात दोन वाक्ये मात्र पक्की हवीत: प्रतिमा आणि सूची कुणालाही विनाशुल्क पाहता येतील, आणि सारांशाखाली वाचणाऱ्या दोघांची नावे राहतील.